"पाणी मार!" म्हणायच्या आधी: पाण्याशी भिडणारं विषारी रसायन सांडलं तर काय करायचं

मुंबईत कुठेही काही सांडलं आणि धूर दिसला की पहिली हाक ऐकू येते, "पाणी मार!" गोदाम असो, गाळा असो की रस्ता, पाइप ओढायला दोघं-तिघं धावतातच. बऱ्याच वेळा ते बरोबरही असतं. पण फॉस्फरस ट्रायक्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, ओलियम (धूर सोडणारं अतितीव्र गंधकाम्ल), क्लोरोसल्फॉनिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड सांडलं असेल, तर छोट्या अपघाताचा मोठा अपघात नेमका त्या पाण्यानेच होतो.

शिवडी, माहुल, तुर्भे, तळोजा, अंबरनाथ या पट्ट्यात स्टोअरला, लोडिंगला, वाहतुकीला किंवा सेफ्टी ट्रेनी म्हणून जे नव्याने रुजू झाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सांडलेलं साफ करणं हे तुमचं काम नाही. प्रशिक्षित पथक पोहोचेपर्यंतची पहिली पंधरा-वीस मिनिटं मात्र तुमचीच असतात, आणि त्या वेळात काय करायचं, काय टाळायचं हे आधीच डोक्यात पक्कं असलं पाहिजे.

पाणी पडल्यावर नेमकं काय होतं

फॉस्फरस ट्रायक्लोराइड पाण्याला लागलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि सोबत भरपूर उष्णता. एक किलोपासून पाचशे लिटरहून जास्त वायू तयार होऊ शकतो. दोनशे लिटरच्या एका ड्रममध्ये हे रसायन साधारण तीनशे किलो मावतं, म्हणजे हिशेब दीड लाख लिटर वायूच्या वर जातो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग असले, तरी ती पातळी जीवाला तातडीचा धोका मानली जाते. शिवाय उष्णतेमुळे उरलेलं रसायनही उकळून वर येतं, आणि त्याची वाफ हायड्रोजन क्लोराइडपेक्षाही विषारी असते.

थायोनिल क्लोराइडमधून हायड्रोजन क्लोराइडसोबत सल्फर डायऑक्साइडही येतो. ओलियममधून सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं पांढरं धुकं उठतं. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड तर फसवं आहे. ते पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसतं, थोडा वेळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम उसळतं. "पाणी टाकलं, काही झालं नाही" असं म्हणत पुढे गेलेला माणूस अशा वेळी सापडतो.

धान्याच्या गोदामात धुरी द्यायला वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही याच यादीत येतात. ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो. त्याला लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो म्हणतात, पण तो वास बहुतेकदा सोबतच्या अशुद्ध घटकांचा असतो. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. म्हणून वास येत नाही तर धोका नाही, असं कधीही धरू नका. गोळ्यांची पावडर सांडली म्हणून ओल्या पोछाने फरशी पुसणं जीवघेणं ठरू शकतं.

१९८४ मध्ये २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला जे झालं, त्यातही मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं होतं. टाकीत सुमारे ४० टन रसायन होतं. पुढच्याच वर्षी ४ डिसेंबरला दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियमची गळती झाली. धोकादायक उद्योगाला अपघाताची जबाबदारी टाळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाचं तत्त्व त्याच खटल्यातून आलं.

पहिलं काम: थांबायचं आणि वारा बघायचा

पांढरा धूर, डोळ्यांत चुरचुर, घशात खवखव, ड्रमच्या बुडाशी उकळल्यासारखे बुडबुडे, यातलं काहीही दिसलं किंवा जाणवलं की जवळ जाऊ नका. वारा कुठून कुठे वाहतोय ते बघा. झेंडा, झाडाची पानं, शेजारच्या चिमणीचा धूर, वाळत घातलेले कपडे, काहीही चालेल. वारा तुमच्या पाठीवर येईल आणि धूर तुमच्यापासून दूर जाईल अशा बाजूला निघा. आधीच धुराच्या वाटेत असाल तर वाऱ्याला आडवं चालत त्या पट्ट्याबाहेर पडा.

मुंबईत पावसाळ्यात वारा बहुधा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी उलटा फिरतो. त्यामुळे सकाळी सुरक्षित असलेली बाजू दुपारी सुरक्षित राहील असं नाही. लांबलेल्या प्रसंगात दर थोड्या वेळाने वारा पुन्हा तपासायलाच हवा.

यातले बहुतेक वायू आणि वाफा हवेपेक्षा जड असतात, म्हणून तळघर, वजनकाट्याचा खड्डा, पाण्याच्या टाकीचा हौद, भुयारी मार्ग अशा खोलगट जागी आसरा घेऊ नका.

अंतर किती ठेवायचं? आपत्कालीन पथकं वापरतात त्या मार्गदर्शिकेत अशा द्रवांसाठी सगळ्या दिशांनी किमान ५० मीटर आणि घन पदार्थांसाठी किमान २५ मीटर सांगितलंय. ५० मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या बेस्टच्या चार मोठ्या बस. हा आकडा सुरुवातीचा आहे. वाऱ्याच्या दिशेला, आणि रसायन पाण्यात सांडलं असेल तर, तो बराच वाढतो. टँकरलाच आग लागली असेल तर ८०० मीटरपर्यंत जागा मोकळी करायचा विचार करावा लागतो.

लांबूनच ओळख पटवा

मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा. टँकर असेल तर दोन्ही बाजूंना आणि मागे धोक्याची माहिती देणारा फलक असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो सक्तीचा आहे. त्यावर रसायनाचं नाव, धोक्याचा वर्ग, लेबल आणि आणीबाणीचा फोन नंबर असतो. चार आकडी यूएन नंबर (धोकादायक मालाचा जगभर एकच असणारा नंबर) दिसला तर तोच सगळ्यात आधी टिपा. फॉस्फरस ट्रायक्लोराइड १८०९, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड १८१०, ओलियम १८३१, थायोनिल क्लोराइड १८३६, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड १३९७. नावं उच्चारताना गोंधळ होतो. नंबर सांगितला की पलीकडचा माणूस लगेच योग्य पान उघडतो.

फलकावर हॅझकेम कोड (पथकाला काय करायचं ते सांगणारी आकडा-अक्षरांची खूण) असेल तर त्याचा पहिला आकडा बघा. ४ म्हणजे कोरडं माध्यम वापरा, पाणी लागू देऊ नका. पुढे डब्ल्यू अक्षर असेल तर जोरदार प्रतिक्रियेची शक्यता आहे आणि सांडलेलं वाहू न देता अडवायचं आहे. शेवटी ई असेल तर आसपासचे लोक हलवायचा विचार करा. परदेशातून आलेल्या टँक कंटेनरवर नारिंगी पाटी असते. तिच्या वरच्या आकड्याआधी एक्स असेल, तर तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय पाणी नाही.

नवीन माणसं एका ठिकाणी हमखास चकतात. त्यांना शिकवलेलं असतं की पाण्याशी धोकादायक असलेल्या मालावर निळं, ज्वाळेचं लेबल असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. निळं लेबल पाण्याने ज्वलनशील वायू सोडणाऱ्या पदार्थांचं असतं, म्हणजे सोडियम, कॅल्शियम कार्बाइड वगैरे. फॉस्फरस ट्रायक्लोराइडवर कवटीचं आणि गंजकाचं (कातडी, धातू खाणाऱ्या पदार्थाचं) लेबल दिसतं, थायोनिल क्लोराइडवर नुसतं गंजकाचं. निळं लेबल नाही म्हणून पाइप उघडला, तर फसगत ठरलेली.

ड्रायव्हर सापडला तर त्याच्याकडचं ट्रेमकार्ड (मालाचे धोके आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) मागा. ते केबिनमध्ये ठेवणं बंधनकारक आहे. पण केबिन धुरात असेल तर कागदासाठी कोणालाही आत पाठवू नका. गोदामात असाल तर सेफ्टी डेटा शीटचा (रसायनासोबत येणाऱ्या माहितीपत्रकाचा) १० वा विभाग रसायन कशाशी भिडतं ते सांगतो, सहावा सांडल्यावर काय करायचं ते, आणि चौथा प्रथमोपचार. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तुमच्या गोदामातल्या प्रत्येक मालासाठी हे तीन विभाग वाचून घ्या. माझ्या मते इंडक्शनच्या बाकी सगळ्या स्लाइड्सपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

फोन कसा करायचा

फायर ब्रिगेड १०१, एकत्रित आपत्कालीन नंबर ११२, मुंबई महापालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष १९१६, रुग्णवाहिका १०८. आधी फायर ब्रिगेड. "केमिकल लीक झालंय, लवकर या" एवढ्याने भागत नाही. साधारण असं बोला:

"माहुल रोडला, अमुक गेटच्या आत, टँकरमधून गळती आहे. फलकावर यूएन एक-आठ-शून्य-नऊ, फॉस्फरस ट्रायक्लोराइड. पाण्याशी प्रतिक्रिया होते, पाणी मारू नका. पांढरा धूर पूर्वेला चाललाय, तुम्ही पश्चिमेच्या गेटने या. दोन माणसांच्या अंगावर उडालंय. पाऊस नाही, पण गटार दहा फुटांवर आहे."

"पाण्याशी प्रतिक्रिया होते" हे वाक्य पहिल्या अर्ध्या मिनिटात गेलंच पाहिजे, कारण त्यावर कोणती गाडी आणि कोणतं साहित्य निघणार ते ठरतं. फोन आधी ठेवू नका, पलीकडच्याने ठेवला की मगच ठेवा. गेटवर वाऱ्याच्या सुरक्षित बाजूला एक माणूस उभा करा, जो गाडीला रस्ता दाखवेल. औद्योगिक पट्ट्यांत कारखान्यांचे परस्पर मदत गट असतात. तुमच्या कंपनीचा असा गट कोणता आणि त्यांच्याकडे कोरडी पावडर, श्वसन संच किती, हे आजच विचारून ठेवा.

पाण्याच्या वाटा बंद करा

मुंबईत ही पायरी सगळ्यात अवघड, कारण इथे पाणी सगळीकडून येतं. गळका पत्रा, एसीचा टपकणारा पाइप, धुलाईचा चालू नळ, टाकीचा ओव्हरफ्लो, गेटबाहेर तुंबलेलं पावसाचं पाणी. सुरक्षित अंतरावरून जे बंद करता येईल ते करा. सांडलेला ओघळ गटाराकडे चालला असेल तर त्याच्या पुष्कळ पुढे, धुराच्या बाहेर, कोरड्या वाळूच्या गोण्या रचून वाट अडवा. ओघळाच्या तोंडाशी जाऊन अडवायला बघू नका.

गटारात गेलेलं रसायन तिथल्या पाण्याला लागतं आणि धूर दोन गल्ल्या सोडून एखाद्या मॅनहोलमधून बाहेर येतो, जिथल्या लोकांना काही कल्पनाच नसते. रसायन गटारात गेलंय असा नुसता संशय असला तरी फायर ब्रिगेड आणि १९१६ ला लगेच कळवा.

पाऊस असेल तर जागेवर ताडपत्री हवी. पण द्रव उघडा असताना त्यावर ताडपत्री घालणं हे पूर्ण सूट आणि श्वसन संच घातलेल्या माणसाचंच काम. तुम्ही ताडपत्री, दोऱ्या, कोरड्या गोण्या सुरक्षित बाजूला आणून तयार ठेवा. १९७४ मध्ये शिकागोत सिलिकॉन टेट्राक्लोराइडच्या टाकीला गळती लागली, तेव्हा पावसाने ढग आणखी वाढवला होता. जुलैतल्या मुंबईत हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

वाळू कधी, कोणी, कशी

बाटलीभर सांडलंय, धूर किरकोळ आहे, जागा मोकळी आहे, माणूस प्रशिक्षित आहे आणि त्याच्या अंगावर योग्य साधनं आहेत, हे सगळं जुळलं तरच हात घाला. एक जरी गोष्ट कमी असेल तर मागे राहा. कापडी मास्क किंवा एन-९५ या वायूंना अडवत नाही. डबी लावलेला मास्क फक्त बाहेर पळण्यापुरता. आत काम करायचं तर पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसन संच लागतो, आणि तो घालण्याचा सराव लागतो.

वाळू टाकताना कडेकडून आत या, म्हणजे ओघळ पसरत नाही. द्रवावर उंचावरून ओतू नका, शिंतोडे उडतात. सगळं झाकल्यावर वर प्लास्टिक घाला. भुसा, कापडाच्या चिंध्या, कागद, पुठ्ठा वापरू नका, ते जळतात आणि त्यात ओलावाही असतो. खाण्याचा सोडा किंवा चुना टाकून "मारून टाकू" म्हणणारे भेटतील. सोडा आम्लावर पडला की फेस आणि उष्णता येते. तो कधी आणि किती टाकायचा हे पथकाला ठरवू द्या. फोममध्येही बहुतांश पाणीच असतं, हे लक्षात ठेवा. काही क्लोरोसिलेनसाठी खास फोम वापरतात, पण तो निर्णय फायर ब्रिगेडचा.

मग फायर ब्रिगेड स्वतः पाणी का उडवते, असा प्रश्न तुम्हाला पडेल. ते बारीक फवाऱ्याचा पडदा धुराच्या वाटेत, सांडलेल्या जागेपासून लांब धरतात, म्हणजे वायू त्यात विरघळून खाली बसतो. फवारा रसायनाला किंवा टँकरच्या भोकाला लागू द्यायचा नसतो. हे बघून "पाणी चालतं" असा निष्कर्ष काढू नका.

आता वाळूबद्दल. तुमच्या गोदामातल्या लाल बादलीतली वाळू आज मुठीत दाबून बघा. तिचा गोळा होत असेल तर ती ओली आहे, आणि अशी वाळू फॉस्फरस ट्रायक्लोराइडवर टाकणं म्हणजे पाणीच टाकणं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला टांगलेल्या उघड्या बादल्यांतली वाळू इथे कोरडी राहतच नाही. वर पानाच्या पिचकाऱ्या आणि सिगारेटची थोटकं असतात ती वेगळीच. पाण्याशी भिडणारा माल ठेवत असाल तर वाळू उन्हात किंवा भट्टीत वाळवून, घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये, प्लास्टिकच्या अस्तरात ठेवा. ड्रमवर तपासणीची तारीख लिहा. साहेबांकडे हा खर्च मागायला बिचकू नका.

माणसावर उडालं असेल तर पाणी, आणि भरपूर पाणी

इथे नियम उलटा होतो. "पाणी नको, पाणी नको" हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की भाजलेल्या माणसालाही लोक पाण्यापासून लांब ठेवतात. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोंधळाची वाटते.

आधी त्याला धुराबाहेर, स्वच्छ हवेत आणा, पण योग्य साधनांशिवाय धुरात शिरू नका. कपडे, बूट, पट्टा, घड्याळ, दागिने काढा. डोक्यावरून ओढून काढू नका, कात्रीने कापा. अंगावर थेंब किंवा पावडर दिसत असेल तर कोरड्या कापडाने झटकन टिपून किंवा झटकून घ्या. सोडियमसारख्या धातूचा तुकडा चिकटला असेल तर चिमट्याने उचला. यात काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ जाता कामा नये. मग लगेच सेफ्टी शॉवरखाली उभं करा आणि किमान २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. इथे थोडंसं पाणी घातक असतं, कारण ते प्रतिक्रिया सुरू करतं आणि उष्णता वाहून नेत नाही. मोठी, सलग धार ती उष्णता आणि आम्ल दोन्ही घेऊन जाते. तांब्याने थोडं थोडं ओतत बसू नका.

डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ धुवा. दुखतं म्हणून माणूस डोळे मिटतो, त्याला धीर देत देत उघडे ठेवायला लागतात. हळद, टूथपेस्ट, तेल, तूप, सोडा, लिंबू काहीही लावू नका.

पाण्याशी भिडणाऱ्या मालाच्या खोलीजवळ आयवॉश आणि शॉवर नकोच, असं म्हणून ते काढून टाकलेले दिसले तर आवाज उठवा. ते सांडण्याची शक्यता असलेल्या जागेपासून जरा बाजूला, पण काही पावलांत पोहोचता येईल असे हवेतच.

श्वास थांबला असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, मास्क-बॅग वापरा. हॉस्पिटलला आधी फोन करून रसायनाचं नाव आणि नंबर सांगा, म्हणजे दारातच तयारी राहते. डेटा शीटची प्रत किंवा फोटो सोबत द्या.

आणि ज्याच्या नाकात धूर गेला पण आता "मी ठीक आहे, घरी जातो" म्हणतोय, त्याला लोकलमध्ये बसवून देऊ नका. यातल्या काही वायूंनी फुप्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागतात. रात्री घरी झोपल्यावर दम लागायला सुरुवात होते. त्याला डॉक्टरला दाखवा, २४ ते ४८ तास नजरेखाली ठेवा, आणि घरच्यांना फोन करून कोणती लक्षणं दिसली तर परत आणायचं ते समजावून सांगा. कंत्राटी कामगार असेल तर हे दुप्पट लक्ष देऊन करा, कारण हजेरी बुडेल म्हणून तो स्वतःहून बोलत नाही.

कुंपणाबाहेरचे लोक

माहुल असो की शिवडी, कारखान्याच्या भिंतीला लागून वस्ती आहे. शिवडीला हाजी बंदरजवळच्या गोदामात १४ जुलै २०१० ला जुन्या, पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. क्लोरीनच्या गळतीच्या भोकावरही पाणी मारत नाहीत. आम्ल तयार होऊन धातू आणखी खातो आणि भोक मोठं होतं.

वस्तीला काय सांगायचं ते पोलीस आणि फायर ब्रिगेड ठरवतात, पण ते येईपर्यंत वाऱ्याच्या दिशेतल्या लोकांना घरात जाऊन दारं-खिडक्या लावायला, पंखे-एसी बंद करायला, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल खुपसायला सांगा. रस्त्यावर असलेल्यांना आडव्या दिशेने चालायला सांगा. हायड्रोजन क्लोराइडसारख्या विरघळणाऱ्या वायूत बाहेर पडताना नाकाला ओला रुमाल थोडी मदत करतो. फॉस्फीनला त्याचा उपयोग नाही. आणि व्हिडिओ काढायला जमलेल्या गर्दीला मागे सारायला दोन दणदणीत आवाजाची माणसं आधीच नेमून ठेवा.

थंडावल्यावर

"झालं सगळं" हे पथकाचा प्रमुख सांगेल, तुम्ही ठरवू नका. वाळूत मिसळलेलं रसायन अजून जिवंत असतं. ते कोरड्या ड्रममध्ये भरताना झाकण घट्ट आवळू नका, आत ओलावा राहिला असेल तर दाब वाढून ड्रम फुटतो. ड्रमवर नाव, तारीख आणि "पाणी लागू देऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि तो छपराखाली, पॅलेटवर ठेवा. तो घातक कचरा आहे. फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद) परवानाधारक वाहनानेच तळोजासारख्या ठिकाणच्या घातक कचरा प्रकल्पात जातो. भंगारवाल्याला रिकामा ड्रमही देऊ नका.

फरशी धुवायचीच असेल तर डेटा शीट बघून, पथकाच्या देखरेखीखाली, आणि धुतलेलं पाणी गटारात न सोडता. ज्यांनी काम केलं त्यांचे बूट-हातमोजे लॉकरमध्ये टाकून देऊ नका, घामाच्या ओलाव्यानेही त्यातून दुसऱ्या दिवशी वायू निघू शकतो. त्याच संध्याकाळी, आठवणी ताज्या असताना, कोणी किती वाजता काय पाहिलं ते प्रत्येकाकडून वेगवेगळं लिहून घ्या. आणि वापरलेली वाळू, ताडपत्री, गोण्या भरून घेतल्याशिवाय दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या टँकरला गेटपास देऊ नका.